खालचा जिंकतो

आर्लिस कोइमाला कारखान्यातून काढलं, त्याला येत्या ऑगस्टला सहा वर्षं होतील. ‘काढलं’ म्हणायचं नाही, असं तेव्हाच आम्हाला सांगण्यात आलं होतं. ‘लवकर निवृत्त झाली’ म्हणायचं. गावात सगळे तसंच म्हणतात, मीही म्हणतो. तिच्याबद्दल खरं लिहायचं तर माझ्याबद्दलही लिहावं लागणार, म्हणून इतकी वर्षं चालढकल केली.

आमचा कारखाना चारा कापायची यंत्रं बनवतो. उभा मका देठासकट कापायचा, त्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे आणि शेजारून चालणाऱ्या ट्रकमध्ये फेकायचे, असं ते धूड. आयोवाच्या आमच्या कोपऱ्यात ज्याच्याकडे गाई आहेत त्याला सप्टेंबरात ते लागतंच. यंत्राबरोबर पाचशे पानांचं पुस्तक जातं: कसं चालवायचं, कसं उघडायचं, कुठे हात घालायचा नाही. ती पुस्तकं करणारे आम्ही सात जण रंगाच्या शेडवरच्या मजल्यावर बसायचो. उन्हाळ्यात रंगाच्या वासानं डोकं धरायचं. खिडकी उघडली की पलीकडच्या डुकरांच्या गोठ्याचा वास यायचा, म्हणून आम्ही रंगाचाच वास पसंत केला होता.

आर्लिस तिथे १९७९ साली टायपिस्ट म्हणून लागली. उंच, हाडापेरानं मोठी, दूध काढून काढून पंजे पुरुषासारखे झालेले. केस स्वतःच कापायची आणि ते दिसायचंही. तिचा नवरा मर्ल आणि ती मिळून साठ गाई सांभाळत. पहाटे दूध काढून साडेसातला ती टेबलाशी हजर असायची. चूक तिला सहन होत नसे. रविवारी चर्चमध्ये वाटायचं पत्रक ती हातात लाल पेन्सिल घेऊन वाचायची आणि प्रार्थना संपली की पाद्रीबुवांच्या हातात परत द्यायची. एकदा त्यांनी तिला हसत विचारलं, की देवाला स्वल्पविराम चालत नाहीत का. तिनं न हसता सांगितलं, की देवाला चालत असतील, मला चालत नाहीत. तेव्हापासून पत्रक शनिवारीच तिच्या घरी तपासायला जायला लागलं.

२००३ साली पुस्तकं करायची पद्धत बदलली. मजकूर एकीकडे, त्याचं रूप दुसरीकडे. मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला तो काय आहे याची चिठ्ठी लावायची: ही पायरी, हा तक्ता, ही धोक्याची सूचना. आणि रूपासाठी वेगळी फाइल, एक्सएसएलटी नावाच्या भाषेत लिहिलेली. तिच्यात नुसते नियम: पायरी दिसली की आकडा घाल, तक्ता दिसला की रेघा मार. शिकागोहून आलेला सल्लागार तीन महिन्यांत चाळीस नियम लिहून गेला. जाताना कुणाला तरी शिकवून जायचं होतं. बाकीच्यांनी काखा वर केल्या, म्हणून टायपिस्टबाईला शिकवलं. दोन वर्षांत तिनं त्या चाळिसातले तीस नियम चुकीचे म्हणून काढून टाकले आणि स्वतःचे दोनशे लिहिले.

मी आलो २००२ साली, म्हणजे सल्लागार आला तेव्हा मीही तिथेच होतो; त्याच्याकडून शिकायला हवं होतं ते मी शिकलो नाही, नंतर तिच्याकडून शिकलो. अकरा वर्षं शेजारी बसलो. ती शिकवायची तेव्हा खुर्ची माझ्याकडे वळवायची आणि मला समजेपर्यंत वळवलेलीच ठेवायची.

त्या फाइलमधली सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे नियमांची भांडणं. एकाच तुकड्यावर दोन नियमांनी हक्क सांगितला तर मशीननं, म्हणजे पुस्तक बनवणाऱ्या संगणकानं, कुणाचं ऐकायचं? आधी ते बघतं, माणसानं स्वतः कुठल्या नियमावर अग्रक्रमाचा आकडा लिहिलाय का. मोठा आकडा जिंकतो. आकडा नसेल तर मशीनच देतं: कशालाही लागू होणाऱ्या नियमाला उणे अर्धा, नुसतं नाव घेऊन बोलावणाऱ्याला शून्य, आणि ‘अमक्याच्या आतला तमका’ अशी जागा सांगणाऱ्याला अर्धा. इथेच घोडं पेंड खातं. जागा सांगणारे दोन नियम समोरासमोर आले की दोघांनाही अर्धाच. कुणाची जागा जास्त नेमकी, हे मशीन तोलून बघत नाही. मग त्या भाषेच्या मानकात लिहिलंय की ही चूक आहे; मशीननं एकतर ओरडून थांबावं, नाहीतर फाइलमध्ये जो नियम शेवटी लिहिला असेल तो घ्यावा. आमचं मशीन न थांबणाऱ्यातलं होतं. इशाऱ्याची एक ओळ लिहायचं आणि खालचा नियम घेऊन पुढे चालायचं.

त्यातून विभागात रीतच पडून गेली, की नवा नियम खाली टाकायचा. खाली टाकला की जिंकतोच, मग आकडा कशाला लिहा? आर्लिस स्वतः तसंच करायची, कारण पुस्तकं वेळेवर जायला हवी असत. पण ती रीत तिला खुपायची. रोज सकाळी आम्ही नमुन्याची पाच पातळ पुस्तकं मशीनमधून काढायचो, तेव्हा इशाऱ्याच्या तीनशे बारा ओळी यायच्या. बाकी कुणी त्या वाचायचं नाही. ती वाचायची. कुठली ओळ कुठल्या दोन नियमांच्या भांडणाची आणि त्यात कोण खाली आहे, हे तिला तोंडपाठ होतं. आमच्यात थट्टाही होती: साडेनऊच्या कॉफीला ताटलीतली शेवटची वडी कुणी उचलली की बाकीचे म्हणायचे, “खालचा जिंकला.” ती त्यावर कधी हसली नाही.

तिनं तीन वेळा सहा आठवडे मागितले होते. प्रत्येक नियमावर नीट विचार करून आकडा घालायचा, म्हणजे कोण वर आणि कोण खाली यानं फरक पडणार नाही. पहिल्या दोन वेळा जुन्या मॅनेजरनं नाही म्हटलं. तिसऱ्यांदा, २०१२च्या शरद ऋतूत, तिनं ट्रेंटला विचारलं. ट्रेंट आमचा नवा मॅनेजर, चौतीस वर्षांचा, दात फार पांढरे. कॉफीच्या टेबलापाशी उभा होता. तिनं त्याला सरळ सांगितलं, की ही फाइल क्रमावर उभी आहे, उद्या कुणी क्रम हलवला तर पुस्तकातून काय गळेल सांगता येणार नाही. ट्रेंटनं विचारलं, आज चालतंय ना? ती म्हणाली, चालतंय. “मग झालं तर,” असं म्हणून तो कप घेऊन गेला. टेबलापाशी आम्ही तिघंच होतो. ती, तो आणि मी.

आमच्याकडे गोष्टी अशाच होतात. कागदावर काही मागणं म्हणजे भांडण काढणं. कॉफीपाशी सहज बोलल्यासारखं बोलायचं आणि समोरच्याला नाही म्हणायला सोपं करून द्यायचं, याला आम्ही चांगुलपणा म्हणतो.

२०१३च्या जुलैत मर्लच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. गाई त्यांनी आदल्याच वर्षी विकल्या होत्या. आर्लिस तीन आठवडे सू फॉल्सच्या इस्पितळात त्याच्या उशाशी होती. त्याच सुमाराला ट्रेंटनं जाहीर केलं, की पुढच्या वर्षी नवी यंत्रणा येणार, तेव्हा जुन्या फाइली जरा ‘नीटनेटक्या’ करून ठेवा. आणि नव्या यंत्रणेसाठी एक प्रमुख नेमणार आहे. मला प्रमुख व्हायचं होतं. ते लपवण्यात अर्थ नाही.

शुक्रवार होता. फाइल उघडली आणि मला तिची लाज वाटली. पायरीचा नियम एक इथे, एक दोनशे ओळी खाली. तक्त्याचे पाच ठिकाणी विखुरलेले. बाहेरून कुणी बघितलं तर काय म्हणेल? मी सगळे नियम इंग्रजी वर्णक्रमानं लावले. ए पासून झेड पर्यंत, शब्दकोशासारखे. दीड तासाचं काम. मला काय झालं होतं कुणास ठाऊक, अकरा वर्षं जिच्या तोंडून क्रम, क्रम ऐकलं तिच्याच फाइलचा क्रम मी मोडत होतो आणि मला वाटत होतं मी घर झाडतोय.

अगदीच गाफील नव्हतो. नमुन्याची पाच पुस्तकं मशीनमधून काढली. आधी इशाऱ्याच्या तीनशे बारा ओळी होत्या, नंतरही मोजून तीनशे बाराच. पानंही तेवढीच. मी निश्चिंत झालो. त्या ओळी भांडणं किती ते सांगतात, जिंकलं कोण ते सांगत नाहीत. क्रम उलटा केला तरी भांडणं तेवढीच राहणार, हे शाळकरी पोरीला कळलं असतं. बहुतेक भांडणांत दोन्ही नियम जवळपास सारखंच करायचे, म्हणून वरवर चाळलेल्या पानांत मला काही दिसलं नाही. आर्लिस असती तर तिनं मोठ्या यंत्राचं पुस्तकही काढून बघितलं असतं. कुठलाही बदल केला की ती ते बघायचीच. पण त्याला चाळीस मिनिटं लागायची, आणि चार वाजता जत्रेत माझी थोरली मुलगी तिचं वासरू घेऊन स्पर्धेला उतरणार होती. मी गेलो. वासराला दुसरं बक्षीस मिळालं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात छापखान्याकडून नवं पुस्तक आलं. आर्लिस त्याच सोमवारी परतली होती. छापून आलेलं प्रत्येक पुस्तक ती मांडीवर घेऊन, ओळीखाली पट्टी धरून वाचायची. मंगळवारी दुपारी ती माझ्या टेबलापाशी आली आणि दोन पानं शेजारी शेजारी ठेवली. जुन्या पुस्तकात काळ्या चौकटीत लिहिलं होतं: इंजिन बंद केल्यावरही सुऱ्यांचा ढोल दोन मिनिटं फिरत राहतो, पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडू नका. नव्या पुस्तकात तिथे एक इवलासा त्रिकोण होता आणि त्याच्या शेजारी पायरीचा आकडा, नऊ. बस.

मला तिथल्या तिथे कळलं. तक्त्यात जागा कमी म्हणून तक्त्यातल्या सूचनेचा फक्त त्रिकोण छापायचा, हा तिचा २००४चा नियम. पायरीतली सूचना मात्र चौकटीसकट पूर्ण छापायची, हा २००६चा, म्हणून खाली. ही सूचना तक्त्याच्या आतल्या पायरीत होती. दोघांचाही हक्क, दोघांनाही अर्धा, खालचा पायरीचा, तो जिंकायचा आणि शेतकऱ्याचा हात वाचायचा. मी वर्णक्रम लावला आणि इंग्रजीत पायरीचं अक्षर तक्त्याच्या आधी येतं, स्टेपचा एस टेबलच्या टीच्या आधी. पायरी वर गेली, तक्ता खाली आला.

मी म्हणालो, मशीननं काहीतरी घोळ घातलेला दिसतोय, बघतो.

“मशीन घोळ घालत नाही,” ती म्हणाली. “त्याला खाली जो सापडला तो त्यानं घेतला. तो खाली आला कसा, ते सांग.”

मी पुन्हा म्हणालो, बघतो. ती स्वतःच्या टेबलाशी गेली, फाइल उघडली, आणि पाच मिनिटांत तिची खुर्ची माझ्याकडे वळली. तिनं आवाज चढवला नाही.

“गेलन, हे ए टू झेड कुणी लावलं?”

आम्ही सगळे एकाच नावानं फाइलमध्ये शिरायचो, विभागाच्या. कुणी काय बदललं याची नोंद त्या एकाच नावावर. म्हणजे माझ्याशिवाय सांगणारं कुणी नव्हतं. मी म्हणालो, “ते ट्रेंटनं सफाई करायला सांगितलं होतं ना, त्यात झालं.” झालं म्हणे. जसं काही वाऱ्यानं दार आपटलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग उठून ट्रेंटच्या खोलीत गेली आणि पुस्तकं पाठवणं थांबवायला लावलं. त्या दिवसापर्यंत एकोणीसशे पुस्तकं विक्रेत्यांकडे पोचली होती. चिकटवायची पानं छापली, दहा दिवसांत सगळीकडे धाडली. मक्याची कापणी सुरू व्हायच्या आत काम झालं. कुणाचं बोटही कापलं नाही. हे तिच्यामुळे, तिच्या त्या पट्टीमुळे.

एवढ्यावर संपायला हवं होतं. पण अशा वेळी आमच्याकडे एक फॉर्म भरावा लागतो आणि त्यात ‘मूळ कारण’ नावाचा एकाच ओळीचा रकाना असतो. तो भरायला मुख्य कचेरीतून दर्जा तपासणारी एक बाई आली, ओमाहाहून. व्यवस्थित बाई. खालच्या बैठकीच्या खोलीत ट्रेंट, आर्लिस, ती आणि मी असे चौघं बसलो. आर्लिसची चौतीस वर्षं पणाला लागली आहेत, हे बसल्या बसल्या प्रत्येकाला कळत होतं. रकान्यात एक नाव जाणार होतं आणि ज्याचं जाईल त्याची नोकरी जाणार होती. तिला पूर्ण निवृत्तीला चौदा महिने राहिले होते.

बाईनं विचारलं, की दोन नियमांना सारखंच वजन असणं मानकाला चालतं का.

“नाही,” आर्लिस म्हणाली. “मानकात ती चूकच आहे.”

“नियम कुणाचे?”

“माझे. दोन्ही.”

ट्रेंटनं मध्येच सांगितलं, की सफाईत क्रम बदलला होता, पण ती सगळ्या विभागाची सफाई होती. असं त्यानं माझ्यासाठी म्हटलं असेल असं मला तेव्हा वाटलं. आता कळतं, सफाईचा हुकूम त्याचाच होता, त्यानं स्वतःसाठी म्हटलं. बाई म्हणाली, की क्रमानं फरक पडायलाच नको ना. आर्लिसनं मान डोलावली. “पडायला नको. क्रम हलवल्यावर जी फाइल मोडते ती आधीच मोडलेली असते.” ती स्वतःविरुद्ध साक्ष देत होती आणि एक अक्षर खोटं नव्हतं.

मग बाईनं रास्त प्रश्न विचारला: इतकं माहीत होतं तर आकडे का घातले नाहीत? आर्लिसनं सांगितलं, तीन वेळा वेळ मागितला. शेवटचा गेल्या वर्षी, ट्रेंटकडे. ट्रेंट टेबलावर बोटं जुळवून म्हणाला, की असं काही लेखी आलेलं त्याला आठवत नाही. लेखी नव्हतं, आर्लिस म्हणाली, कॉफीच्या टेबलापाशी. बाईनं पेन उचललं.

“त्या वेळी आणखी कुणी होतं?”

आर्लिस माझ्याकडे वळली नाही. समोर बघत तिनं सांगितलं, “गेलन होता.”

बाईनं माझ्याकडे बघितलं, ट्रेंटनंही. क्रम कुणी बदलला, हे मला कुणी विचारलं नव्हतं. फक्त एक साधी गोष्ट विचारली होती: तिनं वेळ मागितला होता का? हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर ट्रेंट अडचणीत आला असता, आणि अडचणीत आलेल्या ट्रेंटनं ‘सफाई’ कुणी केली ते बाहेर काढलं असतं. एवढा हिशेब माझ्या डोक्यात किती पटकन झाला, त्याची मला अजून किळस येते.

“नीट आठवत नाही,” मी म्हणालो.

बाईनं रकाना भरला. आर्लिस कोइमाचं नाव, आणि पुढे: नियमांना अग्रक्रम दिला नाही. तिनं फॉर्म वाचला, ‘अग्रक्रम’ शब्दातलं एक गाळलेलं अक्षर बाईच्याच पेनानं घातलं आणि खाली सही केली.

तीस ऑगस्टला, शुक्रवारी, ती गेली. चौतीस वर्षांनी जाणाऱ्याला आमच्याकडे केक असतो, कारखान्याचा मालक हात मिळवायला येतो. तिला एक खोका मिळाला. मी तो उचलून तिच्या गाडीपर्यंत नेला, का नेला देव जाणे. तिनं मागचं दार उघडलं, खोका आत ठेवून घेतला आणि दाराला टेकून उभी राहिली.

“नियम माझे होते, म्हणून मी माझे म्हणाले,” ती म्हणाली. “ते काही तुझ्यासाठी नव्हतं. तेवढं डोक्यातून काढून टाक.”

मी म्हणालो, आर्लिस, दोन मुली आहेत, घराचं कर्ज चालू आहे, तुला माहीतच आहे.

“मला क्रमाचं काहीच वाटत नाही रे. मूर्खपणा केलास, मीही केलाय. पण आठवत नाही म्हणे. तू तेव्हा माझ्याच लिंबाच्या वड्या खात होतास, गेलन. दोन खाल्ल्यास.”

ती गाडीत बसली, पट्टा लावला, काच खाली केली आणि म्हणाली की पायरीच्या नियमाला दोनचा आकडा घाल, एकचा पुरणार नाही, टिपांचा एक नियम मध्ये येतो. मग गेली. ऐन त्या वेळीसुद्धा तिला फाइलचीच काळजी होती, आणि मला आनंद झाला होता की ती रडली नाही. रडली असती तर मला काही तरी बोलावं लागलं असतं.

प्रमुख मी झालो. पहिल्याच आठवड्यात ट्रेंटनं मला स्वतःहून आठ आठवडे दिले. सगळ्या नियमांना आकडे घाल, म्हणाला, पुन्हा असं व्हायला नको. आठ. ती सहा मागत होती. मी एकेक नियम काढून बसलो आणि प्रत्येक ठिकाणी मला तिचा विचार दिसायचा: हा याच्या खाली का, तो त्याच्या वर का. क्रम तिनं असा लावला होता की मला नव्यानं काही ठरवावंच लागलं नाही. जुनी प्रत समोर ठेवायची आणि तिनं जे खाली ठेवलं त्याला मोठा आकडा द्यायचा. नक्कल करायला आठ आठवडे लागले नाहीत, पाचच लागले. पायरीच्या नियमाला एकचा आकडा घालून पाहिला. टिपांचा नियम खरंच मध्ये आला. दोन घातला. इशाऱ्याच्या ओळी शून्यावर आल्या. वर्षाअखेरीला मला त्यासाठी बक्षीस म्हणून एक फळी मिळाली, अक्रोडाच्या लाकडाची, पितळी पट्टीवर माझं नाव. ट्रेंटनं भाषणात ‘दूरदृष्टी’ हा शब्द वापरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आर्लिस चर्चमध्ये दिसायची. आमच्यापुढे दोन बाकं सोडून बसायची, तिच्या शेजारी मर्ल, शर्टाची कॉलर आता मानेला सैल झालेली. प्रार्थनेनंतर तळघरात कॉफी असते, ती ओतायला तीच उभी राहायची. माझ्या कपातही ओतायची, बाकीच्यांच्या कपात ओतायची तेवढीच. मुली कशा आहेत विचारायची. कामाबद्दल एक अक्षर नाही. मला वाटायचं, तिनं मला सोडून दिलं. म्हणजे माफ केलं असं वाटून घ्यायला मला सोयीचं होतं.

पुढच्या एप्रिलात माझ्या खोलीत फोन वाजला. मला खोली मिळाली होती, दार असलेली. इथून वीस मैलांवर एक छोटं प्रकाशन आहे, रविवारच्या शाळेची पुस्तकं आणि भजनांच्या वह्या छापणारं. तिथली बाई बोलत होती. आवाजावरून वयस्कर, प्रेमळ. त्यांच्याकडेही अशाच नियमांच्या फायली होत्या, आणि त्यांना हवं होतं असं माणूस, जे नियमही जाणतं आणि छापलेलं पानही वाचतं. आर्लिस कोइमा नावाच्या बाईनं अर्ज केलाय. आम्हाला फार आवडली, ती म्हणाली, पण आधीच्या ठिकाणाहून का गेलात विचारलं तर तिनं सांगितलं, माझ्या नियमांमुळे एक चूक छापली गेली. एवढंच. पुढे काही सांगायला तयार नाही. म्हणून तुम्हाला विचारते.

आमच्याकडे धोरण आहे. गेलेल्या माणसाबद्दल कुणी विचारलं तर फक्त नोकरीच्या तारखा सांगायच्या, बरंवाईट काही बोलायचं नाही. सगळ्याच कारखान्यांत असतं ते, खटल्यांच्या भीतीनं. आणि ते धोरण कुणी पाळत नाही, हेही सगळ्यांना माहीत आहे. चांगल्या माणसाबद्दल आपण दोन शब्द जास्त बोलतोच. नुसत्या तारखा सांगितल्या, की ऐकणारा समजायचं ते समजतो.

मी तारखा सांगितल्या. सतरा एप्रिल एकोणीसशे एकोणऐंशी ते तीस ऑगस्ट दोन हजार तेरा.

“चौतीस वर्षं,” बाई म्हणाली. “तिच्याबद्दल एखादं वाक्य तरी सांगाल? कुणाला कळणार नाही. फक्त माझ्यासाठी.”

मी म्हणालो, माफ करा, आमचं धोरण आहे.

“समजलं,” ती म्हणाली, आणि तिला चुकीचंच समजलंय हे मला कळत होतं. तिनं आभार मानले. आर्लिसला ते काम मिळालं नाही. तिथे एक तरुण बाई लागली, हे मला नंतर कळलं.

त्या दुपारी दार बंद होतं. ट्रेंट गावाला गेला होता. रेकॉर्ड होत नव्हतं, कुणी ऐकत नव्हतं, कुणाचा फॉर्म समोर नव्हता, माझी नोकरी कुणी मागत नव्हतं. एक वाक्य बोललो असतो तर माझं काहीच गेलं नसतं. तरीही मी बोललो नाही.